ओतारराव भट्टीवाले यांनी वकिलावाचून कामाची सनद मिळविली त्याची हकिकत

कागद पांढरा, शाई काळी, आणि मजकूर पाहिला-ऐकिला तैसा. पदरचे मीठ चवीपुरतेच घातले आहे, हे वाचणारांनी आरंभीच ध्यानी धरावे. पूर्वी राजे मुलूख घेत आणि त्यांच्या बखरी होत. हल्ली माणसे परवाने घेतात आणि त्यांच्या कोणी लिहीत नाही, ही मोठी गैरइन्साफी जाणून प्रस्तुत लेखकाने लेखणी उचलिली. स्थळ जर्मनीचा स्वाबियन मुलूख, कसबे लिंडेनफुर्ट, गिरणी गल्ली, इमारत नंबर चौदा, बिऱ्हाडे चार. पैकी तिसऱ्या मजल्यावर लेखक स्वतः एकोणीस वर्षे भाडोत्री आहे. त्याच इमारतीचे पहिल्या मजल्यावर जो पुरुष राहतो त्याने न वकील, न दलाल, न सल्लागार, केवळ आपले पिठाळ हातांनी सरकारातून कामाची सनद काढिली, ती मोहीम येथे नमूद करितो.

मोहिमेचे नायक राजमान्य राजश्री ओतार ख्वेदेलिद्झे, मूळ राहणार कुताइसी, मुलूख गुर्जिस्तान, ज्यास हल्ली जॉर्जिया म्हणतात. उमर चौतीस, बांधा भरदार, स्वभाव मोकळा, आणि हात ऐसे की पिठात घातले तर पीठ आपण होऊन नरम पडे. गतसाली ऑक्टोबरात एक वर्षाचे मुदतीचे दस्तक घेऊन ते या कसब्यात दाखल जाहले, आणि मग परीक्षा दिधल्या, आणि मग सदरहू इसमास पाव भाजता येतो ऐसे कागदोपत्री शाबीत जाहले, जे खाणारांस पहिल्याच दिवशी ठाऊक होते. चाकरी विल्फ्रीडशेट श्टाइनमेट्झ यांचे भट्टीवर. शेटजींची उमर सदुसष्ट, भट्टी चार पिढ्यांची, आणि गुडघे दोन्ही फितूर. कसब्यात पूर्वी पाच भट्ट्या होत्या, चार विझोन गेल्या, ही शेवटची. रविवारी ओतारराव आपले देशीचा लांब टोकदार पाव काढीत, आणि त्यासाठी देवळातून सुटलेली मंडळी देवाचा निरोपही धड न घेता रांगेत येऊन उभी राहत.

दस्तकाची मुदत तीस सप्टेंबर. त्याआधी कामाची सनद हाती आली तर राहणे, न आली तर कुताइसीस माघारी कूच, ऐसा पेच होता. विल्फ्रीडशेट एके दिवशी पिठाचे पोत्यावर बसले आणि निर्वाणीचे बोलिले.

"हे बघ ओतार, कागद आला तर भट्टी तुझ्या हातात. नाही आला तर एक ऑक्टोबरला मी किल्ली खाली ठेवतो. दुसरा माणूस शोधायची ताकद नाही माझ्यात आता. पोतं उचललं की गुडघा म्हणतो, तू उचल, मी बसतो."

"येईल कागद, शेट."

"वकील कर म्हणजे येईल."

वकिलाचे नाव निघताच ओताररावांचे कपाळी आठी पडली. लेखकानेही त्यांस जिन्यात गाठून आपले वकिलाचा पत्ता देऊ केला होता, कारण लेखक या मुलखी आला तेव्हा त्याने वकील केला होता आणि त्याचा त्यास अभिमान होता. तेव्हाचे भाषण येणेप्रमाणे:

"काका, तुम्हाला वकिलानं काय करून दिलं?"

"फॉर्म भरून दिला."

"आणि सही?"

"सही मीच केली."

"मग अवघड काम तुम्हीच केलंत की! जो माणूस कणीक स्वतः मळतो, त्यानं कागद दुसऱ्याकडून का मळून घ्यावा?"

लेखकाने पत्त्याचा कागद घडी घालून पुन्हा खिशात ठेविला.

मग जून महिन्यात ओतारराव अर्जावर चालून गेले. अर्ज अकरा पानांचा, कलमे चौसष्ट, भाषा ऐसी की एका वाक्यात शिरावे तो क्रियापद पुढच्या ओळीत दबा धरून बसलेले. परंतु वीर हटले नाहीत. कोश एका हाती, चहा दुसऱ्या हाती, ऐसे सहा दिवस झुंजले आणि एकेक कलम सर केले. मुक्कामाचे प्रयोजन काय, ऐसे कलम आले, तेथे त्यांनी 'पाव' एवढेच लिहिले. मुक्कामाची इच्छित मुदत किती, येथे 'देवाच्या मर्जीवर' ऐसे लिहिले. लेखकाने सुचविले की येथे आकडा घालावा. तेव्हा त्यांनी खाली बारीक अक्षरात 'चाळीस वर्षे' जोडिले आणि अर्ज बंद केला.

दहा जुलै रोजी स्वारी परदेशी लोकांचे कचेरीत रुजू जाहली. तेथील दफ्तरदार डॉर्नबुशबाई, चष्मा गळ्यात, पेन्सिल कानावर, आणि मेजावर कागदास दोन भोके पाडणारे यंत्र, ज्याचेवाचून त्या मुलखी कोणताही कागद खरा मानीत नाहीत. आता गुर्जिस्तानचा रिवाज ऐसा की कोणाचे दारी रिकामे हाती जाणे म्हणजे सात पिढ्यांस बट्टा. म्हणोन ओताररावांनी त्या सकाळी चीज भरलेली रोटी, जिला तिकडे खाचापुरी म्हणतात, ती भट्टीतून काढून फडक्यात बांधोन नेली होती आणि अर्जाबरोबर नजराणा म्हणोन मेजावर ठेविली. बाईंनी खुर्ची हातभर मागे घेतली.

"हे मी घेऊ शकत नाही."

"गार होईल हो."

"गार होऊ दे. आणि याची मला नोंद करावी लागेल."

आणि बाईंनी तेथेच यादी केली: अर्जदाराने एक रोटी देऊ केली, नाकारली, रोटी गरम होती. मग त्या यादीस दोन भोके पाडिली आणि ती दफ्तरी दाखल जाहली. मग अर्ज तपासून फर्माविले की पुढील हजेरीची तारीख पत्राने कळेल, फोन करू नये, पत्राचीच वाट पाहावी. ओताररावांनी मुजरा केला आणि बाहेरच्या बाकावर बसोन ती रोटी रांगेतील मंडळींस वाटून टाकिली. त्या दिवशी त्या रांगेत कोणी कोणाशी भांडले नाही.

येथे किल्लेदारीणबाईंचे वर्णन करणे प्राप्त आहे. इमारतीच्या मालकीण फ्राउ हेडविग ओस्टरमायर, उमर अठ्ठ्याहत्तर, कणा ताठ, नजर ऐसी की कोपऱ्यातील धूळ आपण होऊन बाहेर यावी. त्या मुलखी 'झाडू-आठवडा' म्हणोन पुरातन दंडक आहे. एक लाकडी पाटी पाळीपाळीने ज्याचे दारास टांगली जाईल त्याने तो आठवडा जिना झाडावा, पुसावा, तळघराचा बोळ आणि पुढची फरसबंदी साफ करावी, आणि हिवाळा असेल तर सातचे आत बर्फ काढावा. खालचे दाराशी दोरीस बांधिलेली एक वही. तींत तारीख, आडनाव आणि शेरा ऐसे तीन रकाने, आणि तिसरा रकाना बाईंचे हातचा. शेरा कधी गोड नसे. त्या मुलखीचे लोकच ऐसे की रागावले नाहीत म्हणजे वाखाणले ऐसे समजावे. याहून अधिक स्तुती त्यांचे घशातून निघत नाही.

ओताररावांचे नावे अकरा महिन्यांत शेरे पडले ते ऐसे: 'तिसऱ्या पायरीचा डावा कोपरा.' 'बादलीचे वर्तुळ राहिले.' 'बर्फ सहा-चाळीसला काढला. मीठ जास्त.' आणि तीन निरनिराळ्या तारखांस एकच मजकूर: 'टपालपेटीवर नाव नाही. सांगितले.' पहाटेपासून भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस बर्फाचे दिवशी मध्येच धावत येऊन फावडे मारी, एरवी नऊ वाजता घरी येई आणि झाडू हाती घेई, आणि जिन्यात पुटपुटे की या बाईंना गेल्या जन्मी पायऱ्यांनीच मारलं असणार. लेखकाचे नावचे शेरे याहून वाईट आहेत, ते येथे देण्याचे प्रयोजन नाही.

दुसरी बाब आडनावाची. त्या मुलखी माणूस आडनावाने चालतो. शेजारी तीस वर्षे शेजारी असला तरी हेर अमुक आणि फ्राउ तमुक, म्हणजे आपले श्रीयुत आणि श्रीमती. गुर्जिस्तानात माणूस आपले नावाने चालतो. ओताररावांनी पहिल्या दिवशीच भट्टीवर येणारास हात जोडोन सांगितले की मला हेरबिर म्हणू नका, मी ओतार. मंडळींस ते अपूर्व वाटले आणि गोड लागले, आणि सगळा कसबा त्यांस ओतार म्हणू लागला. भट्टीचे फळ्यावरही 'रविवारी ओतारचा पाव' ऐसेच लिहिलेले. साऱ्या लिंडेनफुर्टात एक ओस्टरमायरबाई तेवढ्या हेर ख्वेदेलिद्झे म्हणत. आडनाव त्यांनी पहिल्या दिवशी तीनदा म्हणवून घेतले, आणि मग पुन्हा चुकल्या नाहीत.

जुलै गेला, ऑगस्ट गेला, पत्र येईना. ओतारराव रोज पेटी उघडीत आणि रिकामी बंद करीत. रोज सकाळी सात वाजता टपालाचा जासूद, म्हणजे गुडरून नामे पिवळ्या सायकलवरची बाई, दोन खसखशीचे पाव घेण्यास भट्टीवर येई, तिलाही विचारीत.

"माझं काही पत्र, गुडरून?"

"तुझं? नाही रे ओतार. आलं तर सांगेन की."

आणि ती खरे बोलत होती, ऐसा तिचा पक्का समज होता.

सतरा सप्टेंबर उजाडला. मुदतीस तेरा दिवस. विल्फ्रीडशेटजींनी पिठाची पुढील मागणी थांबविली, हे ओताररावांनी पाहिले. मग त्यांनी फर्मान मोडून कचेरीस फोन लाविला. उत्तर आले ते ऐसे: पत्र वीस ऑगस्टचे सुमारास रवाना केले होते, ते 'या पत्त्यावर असा इसम नाही' ऐसा शेरा घेऊन माघारी आले, त्यात नेमिलेली चार सप्टेंबरची हजेरी अर्जदाराने चुकविली, सबब अर्ज बंद करण्याचे काम चालू आहे, नवी तारीख हवी असल्यास नोव्हेंबरात मिळेल. फोन ठेवून ओतारराव पोत्यावर बसले. ज्या कलमांस ते घाबरले होते ती चौसष्ट कलमे बिनबोभाट पार जाहली, आणि पराभव आला तो दारातल्या पत्र्याचे पेटीतून.

दुसरे दिवशी सात वाजता गुडरून आली.

"गुडरून, ख्वेदेलिद्झे नावाचं एक सरकारी पत्र होतं. गिरणी गल्ली चौदा. ते परत पाठवलंस तू?"

"ते विचित्र नाव? हो, आठवतंय. चारही पेट्या पाहिल्या, असा कोणी नाही तिथं."

"मी आहे ना तो!"

"तू? तू तर ओतार!"

"ओतार ख्वेदेलिद्झे."

"मला काय माहीत तुला आडनाव आहे म्हणून!"

"आडनाव सगळ्यांना असतं, गुडरून!"

"मग पेटीवर लाव ना! पेटीवर बाउमगार्टनर लिहिलंय, आणि ते जाऊन दीड वर्ष झालं. मेलेल्या माणसाच्या पेटीत मी जिवंत माणसाचं सरकारी पत्र टाकू? नोकरी जाईल माझी!" आणि मग तिचे ध्यानी आले की त्याच पत्राचे दिवशी सकाळी आपण 'तुझं काही नाही' ऐसे याचे तोंडावर सांगितले, याच्याच हातचे पाव घेऊन. तिचे डोळे भरले. "अरे देवा, ओतार! मीच रे!" ऐसे म्हणोन ती निघोन गेली, आणि दोन खसखशीचे पाव तसेच राहिले.

विल्फ्रीडशेट म्हणाले, आता तरी वकील कर. लेखकाने त्याच दिवशी गुपचूप आपले वकिलास फोन केला, तो यंत्राने सांगितले की वकीलसाहेब समुद्रकिनारी आहेत, चौदा ऑक्टोबरास परत येतील. येणेप्रमाणे तो मार्ग बंद जाहला आणि ओताररावांची टेक आपोआप राहिली. उरली एक वाट, आणि ती ओस्टरमायरबाईंचे दारावरून जात होती. कारण घरात राहतो ऐसा कागद मालकिणीचे सहीचा होता, आणि पेटीचे नाव न लावण्याचा गुन्हा तिचेच वहीत तीनदा नमूद होता. ओताररावांनी अंगावरचे पीठ झटकिले आणि तिचे दार वाजविले. लेखक तेव्हा जिन्यात गॅसचा मीटर पाहत होता, जो त्याचा नव्हे.

बाईंनी सगळे ऐकिले आणि बोट वर केले.

"तीनदा लिहिलं मी. तीनदा! तुम्ही दरवेळी हो हो म्हणालात."

"म्हणालो."

"मग लावलं का नाही? एक चिठ्ठी चिकटवायची, आळस तरी किती माणसाला!"

ओतारराव खाली पाहून बोलिले. "आळस नाही, फ्राउ ओस्टरमायर. त्या पेटीवर त्यांचं नाव आहे. ते माझ्याच खोलीत गेले. मेलेल्या माणसाचं नाव खरवडायचं, आमच्याकडे असं कोणी करत नाही. हात धजेना माझा. आमच्याकडे टेबलावर बसलं की गेलेल्यांच्या नावानं प्याला उचलतात. मी दर रविवारी हेर बाउमगार्टनर यांच्या नावानं उचलतो. ओळख नव्हती, पण खोली त्यांची ना. कधी वाईन नसली तर चहा घेतो."

बाईंनी वर केलेले बोट खाली घेतले. बाउमगार्टनर हे घड्याळे दुरुस्त करणारे, या घरात एकेचाळीस वर्षे राहिलेले, आणि दर शनिवारी संध्याकाळी बाईंशी पत्ते खेळत, आणि बाई जिंकत, आणि ते हरल्याचे दुःख कधी करीत नसत, हे लेखकाने स्वतः पाहिले आहे. बाईंनी पाठ फिरविली आणि चुलीवरची किटली उगीच सरळ केली.

"चहा त्यांना आवडायचा नाही," त्या म्हणाल्या.

मग वळून दुसऱ्याच आवाजात विचारिले, "कचेरीनं काय म्हटलंय म्हणालात? तुम्ही या घरात राहत नाही?"

"तसंच म्हणाले."

"राहता असं मी सही करून दिलंय. म्हणजे मी खोटी सही करते?"

"तसं नाही ते म्हणाले."

"तसंच म्हणालेत! उद्या गुरुवार. आठ वाजता तयार राहा. आणि ते बूट पुसा."

आणि बाईंनी खाली जाऊन दोरीची गाठ सोडिली आणि वही काढून घेतली. ती वही त्या दोरीवरून आजवर कधी सुटली नव्हती. लेखकास तेव्हा समजले की आता लढाई मोठी होणार.

एकोणीस सप्टेंबर, गुरुवार, आकाश ढगाळ. आघाडीस ओस्टरमायरबाई करड्या कोटात, वही काखेस. मध्ये ओतारराव, बूट लखलखीत, नजराणा नाही. पिछाडीस प्रस्तुत लेखक छत्री घेऊन, कारण पावसाची चिन्हे होती आणि एवढ्या मोठ्या स्वारीवर कोणी छत्र धरावयास हवे. कचेरीचे देवडीवर चोपदार उभा.

"अपॉइंटमेंट?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग आत सोडता येणार नाही."

"मी अपॉइंटमेंट मागायला आलेले नाही. तक्रार करायला आलेय. तक्रारीला अपॉइंटमेंट लागते असं कुठं लिहिलंय, दाखवा मला."

चोपदाराने भिंतीवरचा फलक वरपासून खालपर्यंत वाचिला. लिहिलेले नव्हते. त्या मुलखी जे लिहिलेले नाही त्याची बंदी करण्यास माणूस धजत नाही. चोपदाराने वाट दिधली, आणि बाई त्याचे बुटांकडे एक नजर टाकून आत गेल्या.

डॉर्नबुशबाईंनी दफ्तर काढिले आणि फर्माविले की सदरहू पत्त्यावर सदरहू इसम आढळत नाही. ओताररावांचा धीर सुटला.

"अहो, मी तुमच्या समोर उभा आहे!"

"तुम्ही इथं आहात याबद्दल वाद नाही. तुम्ही तिथं आहात का, एवढाच प्रश्न आहे."

तेव्हा ओस्टरमायरबाई पुढे सरकल्या आणि वही मेजावर ठेविली, आणि तो आवाज चार खोल्यांत ऐकू गेला. डॉर्नबुशबाईंनी चष्मा चढविला आणि ऑक्टोबरपासून वाचावयास सुरुवात केली. पान उलटले, दुसरे उलटले. डॉर्नबुशबाईही त्याच मुलखीच्या, त्यांचेही दारास ती लाकडी पाटी टांगली जात असे.

"तळघराचा बोळसुद्धा यांच्याकडेच?"

"पुढच्या फरसबंदीसकट."

"आणि बर्फ सहा-चाळीसला?"

"नियम सातचा आहे. हे वीस मिनिटं आधी. मीठ जरा जास्त घालतात, पण शिकतील."

"'तिसऱ्या पायरीचा डावा कोपरा...' हे चार वेळा आहे."

"पाच. एक मी खोडलं, तेव्हा मांजर गेलं होतं तिथून."

ओतारराव हे ऐकत उभे होते आणि त्यांचे कान लाल जाहले. गुर्जिस्तानाहून इतके लांब येऊन आपला सगळा उणा हिशेब सरकारी मेजावर मोठ्याने वाचिला जाईल, हे त्यांचे स्वप्नीही नव्हते. मग डॉर्नबुशबाईंचे बोट 'टपालपेटीवर नाव नाही. सांगितले.' या ओळीवर थांबले. त्यांनी तिन्ही तारखा पाहिल्या, परत आलेल्या पत्राची तारीख पाहिली, आणि चष्मा काढिला.

"जो माणूस तिथं राहत नाही, त्याला कोणी इतकं बोलत नाही," त्या म्हणाल्या.

आणि वहीची नक्कल काढिली, आणि तीस दोन भोके पाडिली. त्या यंत्राचा आवाज ओताररावांस तोफेच्या सलामीसारखा वाटला. मग दफ्तर पुढे चाळिले तो दिसोन आले की भट्टीची मंजुरी, परीक्षेची मंजुरी, सगळ्या मंजुऱ्या ऑगस्टातच येऊन पडल्या होत्या. काम सगळे तयार होते आणि माणूस तेवढा सापडत नव्हता. चुकलेली हजेरी त्यांनी तेथेच भरून घेतली, आणि ओताररावांचे बोटांचे ठसे काचेवर घेतले. ओस्टरमायरबाईंनी आधी ती काच आपले रुमालाने पुसली. शेवटी दफ्तराचे तळातून जुलैची ती यादी निघाली. डॉर्नबुशबाईंनी ती वाचिली, जागेवर ठेविली आणि हळूच म्हणाल्या, "वासानं त्या दिवशी फार हाल झाले हो माझे." मग आवाज सरकारी करून फर्माविले की पेटीवर उद्याचे आत नाव लागावे, आणि निकाल पत्राने कळेल. पत्र हा शब्द ऐकताच तिघांच्याही अंगावर काटा आला.

नावाचा तंटा त्याच संध्याकाळी मिटला. ओतारराव खरवडणी घेऊन पेटीपुढे उभे, हात पुढे जाईना. बाई पितळेची नवी पट्टी आणि दोन स्क्रू घेऊन आल्या आणि निवाडा केला: बाउमगार्टनर वर राहील, ख्वेदेलिद्झे खाली लागेल. दुसरे दिवशी गुडरूनने हरकत घेतली.

"एका पेटीवर दोन नावं? आणि त्यातलं एक..."

"त्यांना पत्रं येत नाहीत," बाई म्हणाल्या. "तुला वजन नाही त्याचं."

नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत विल्फ्रीडशेट पिठाकडे पाहत नसत आणि ओतारराव शेटजींकडे. अठ्ठावीस सप्टेंबर, शनिवार, सकाळी साडेआठचे सुमारास गुडरून भट्टीचे दारी सायकल टाकून ओरडली.

"आलं! पत्र आलं तुझं!"

"दे की मग!"

"इथं कसं देऊ? पेटीत टाकलंय. पत्ता तो आहे!"

ओतारराव पिठाळ हातांनीशी धावले, आणि मागे विल्फ्रीडशेट फितूर गुडघ्यांवर धावले, आणि गिऱ्हाइके भट्टी उघडी टाकून धावली, त्यात एकाने जाताना काउंटरवर आपले पावाचे पैसे ठेविले, कारण मुलूखच तसा. पेटी उघडली. सनद मंजूर, मुदत चार वर्षे, प्रयोजन: भट्टीकाम. ओताररावांनी ती तीनदा वाचिली आणि मग त्यांस वाचता येईना. विल्फ्रीडशेटजींनी खिशातून भट्टीची किल्ली काढिली, त्यांचे पिठाळ मुठीत कोंबली आणि म्हणाले, "आता उद्या पहाटे मला उठवायचं नाही." आणि मग ते खालच्या पायरीवर बसोन घळाघळा रडले. लेखकही रडला, हे लपविण्यात अर्थ नाही. दुसरे दिवशी रविवारी मागील अंगणात ओताररावांनी मेज मांडिले, आणि पहिला प्याला बाउमगार्टनर यांचे नावाचा, आणि त्या दिवशी चहा नव्हता. ओस्टरमायरबाईंनी तळघरातून आपली चेरीची दारू काढून आणिली होती.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. अर्ज पाने अकरा, स्वाऱ्या दोन, नजराणा एक नामंजूर, वकील शून्य. आणि लिंडेनफुर्टाची शेवटची भट्टी अद्यापि पेटलेली आहे, हे कोणीही पहाटे गिरणी गल्लीतून जाताना वासावरून ताडून पाहावे. राहिली एक गोष्ट. मेजवानीचे दुसरे दिवशी, सोमवारी, ती लाकडी पाटी ओताररावांचे दारास टांगली गेली, कारण पाळी त्यांची होती आणि सनद मिळाली म्हणोन पाळी चुकत नाही. त्यांनी भट्टीवरून येऊन जिना झाडिला, पुसला, बोळ काढिला. मग ओस्टरमायरबाई चष्मा लावून आल्या. तिसऱ्या पायरीचे डाव्या कोपऱ्यावर बोट फिरविले आणि बोट पाहिले. वही पुन्हा दोरीस बांधिलेली होतीच. तींत तारीख घातली, ख्वेदेलिद्झे हे आडनाव पुरते लिहिले, लेखणी शेऱ्याचे रकान्यावर नेली, थोडी धरून ठेविली, आणि झाकण लावून निघोन गेल्या. रकाना कोरा होता. ओतारराव ती वही पाहत जिन्यात कितीतरी वेळ उभे होते. लेखकास या इमारतीत एकोणीस वर्षे जाहली, आणि त्याचे नावापुढील रकाना आजवर एकदाही कोरा राहिलेला नाही.